कोंड्याच्या थोरात मॅडम

आमच्या कॉलेजात नव्या माणसाला रसायनशास्त्राचा विभाग कुठे आहे हे कधी विचारावं लागलं नाही. नाक शाबूत असलं की पुरे. जिन्याच्या पहिल्या वळणावर जळक्या कोंड्याचा वास यायचा, दुसऱ्या वळणावर चुन्याचा, आणि दारापाशी पोचेपर्यंत थोरात मॅडमचा आवाज. तो आवाज ऐकून पहिल्या वर्षाची मुलं निम्म्या जिन्यातून परत फिरत आणि थेट कला शाखेत येऊन बसत. माझा इतिहासाचा वर्ग कायम भरलेला असे, त्यात माझ्या व्याख्यानांइतकाच मॅडमच्या घशाचा वाटा होता.

इंदुमती थोरात. गाव शिराळा, घर माधवनगरला, नोकरी सांगलीत. मी कॉलेजात लागलो तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. ठेंगण्या, रुंद, सुती साडी खोचलेली आणि पायात पुरुषी सँडल. "बायकांच्या चपला शोभेच्या. त्यांच्यावर आम्ल सांडलं की शोभाबी जाती आन् बोटंबी," असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीतून शोधनिबंध वाचायची वेळ आली तर त्या असा वाचत की बाहेरून आलेले प्राध्यापक खुर्चीत सावरून बसत. निबंध संपला की पहिलं वाक्य शिराळ्याचं: "च्या कुटं हाय रं?"

नावामागे डॉक्टर लावलेलं त्यांना आवडत नसे. "कुनीतरी पोट दुखतंय म्हनून यायचं आन् मी त्याला गंधकाचा तास घ्यायची," असं म्हणून त्यांनी दारावरच्या पाटीवरचं 'डॉ.' खरवडून काढलं होतं.

लग्न केलं नव्हतं. स्टाफरूममध्ये एका नव्या बाईंनी धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बघाय यायचे की लय जण. ते मला बघायचे, मी त्यास्नी बघायची. त्यांच्यातला एकबी मला पसंत पडला न्हाई, त्यात माझा काय दोष?"

माझी आणि त्यांची ओळख नानकटाईवरून झाली. कँटीनमध्ये माझ्या बशीतली नानकटाई त्यांनी न विचारता उचलली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली.

"पवार, ही फुगली कशानं?"

"भट्टीत ठेवल्यानं."

"मग तुलाबी ठिवू का? फुगशील?"

मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि इतिहासाच्या मास्तराला कळेल इतपत शास्त्र सांगितलं. बेकिंग पावडरीत एक असतो सोडा आणि एक असतं त्याला डिवचणारं आंबट मीठ. दोघं ओली झाली की भांडतात, भांडणातून वायू सुटतो आणि पीठ फुगतं. हे आंबट मीठ पुष्कळदा फॉस्फरसचं असतं. आणि तो फॉस्फरस कुठला, तर कुठल्या कुठल्या वाळवंटात खणलेल्या दगडातला, जहाजात बसून आलेला.

"आन् हितं काय हाय बघ," त्या म्हणाल्या. "आमच्या शिराळ्याच्या भाताला अक्कल जास्त. ते समदा फॉस्फरस नेऊन कोंड्यात ठिवतंय. आपण काय करतो? तांदूळ गोराप्यान करतो आन् कोंडा म्हशीम्होरं टाकतो. म्हशीशी माझं भांडण न्हाई. ती बिचारी शेणातनं परत तरी देती. आपण त्ये शेणबी पाटात व्हावू देतो. उद्या त्यो दगुड संपला म्हंजे काय खाणार हायस? तुझ्या तहातली कलमं?"

एवढं बोलून त्यांनी माझी नानकटाई खाऊन टाकली.

कोंड्यापर्यंत त्या थेट पोचल्या नव्हत्या. आधी त्यांनी साखर कारखान्याची मळी वापरून पाहिली. मळी म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ. तिच्यात फॉस्फरस असतो हे खरं, पण चार दिवस पोत्यात राहिली की तिच्यात आणखी काय काय असतं ते सांगण्यासारखं नाही. पोती आली नेमकी कॉलेज तपासायला समिती यायच्या आठवड्यात. प्राचार्यांनी सगळीकडे फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या, उदबत्त्या लावल्या. समिती जिना चढली ती नाकाला रुमाल लावूनच. समितीच्या अध्यक्षांनी रुमालाआडून विचारलं, "मॅडम, हा वास कसला?"

"प्रयोगाचा," मॅडम म्हणाल्या. "खालच्या मजल्यावरबी लॅब हाय, तिथं वास न्हाई. तिथं काय चालतं त्ये त्यास्नी इचारा."

खालच्या मजल्यावर काहीच चालत नसे. समिती खाली गेली, विचारलं, आणि आम्हाला जी श्रेणी मिळाली ती प्राचार्य शेवटपर्यंत कुणाला सांगत नव्हते.

मळीतला फॉस्फरस निघाला, पण खाण्याजोगा स्वच्छ होईना. मळी पुन्हा शेताला गेली. "तिचं माहेर त्येच," मॅडम म्हणाल्या आणि शिराळ्याच्या गिरणीतून कोंडा मागवला. ती भाताची गिरणी त्यांच्या भावाची. तो फौजेतून सुभेदार होऊन आलेला. बहिणीला त्यानं एकदाच विचारलं होतं, "ताई, कोंडा कशाला?" तिनं दीड तास सांगितलं. त्यानंतर तो न विचारता पोती पाठवू लागला.

कोंडा जाळायचा, राख पातळ आम्लात भिजवायची, गाळायची, त्यात चुन्याची निवळी सोडायची. मग भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसतो. तो बसताना मॅडम एका जागी उभ्या राहून बघत. एरवी त्यांना स्थिर उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. त्या साक्याला धुवून, वाळवून, पुन्हा थोडं आम्ल पाजून त्यांचं ते आंबट मीठ तयार होई.

पहिल्या पावडरीचा केक त्यांनी स्वतः केला आणि प्राचार्यांच्या वाढदिवसाला आणला. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेबही आले होते. सुरी केकवर टेकली आणि तिथेच थांबली. प्राचार्यांनी जोर लावला, तेव्हा केकऐवजी टेबल सरकलं. शेवटी शिपायाने कुठून तरी कोयता आणला. आबासाहेब मोठे मुत्सद्दी. तुकडा तोंडात घोळवत म्हणाले, "वा! खुसखुशीत आहे."

"आवं आबासाहेब, कशाला खोटं बोलताय?" मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ह्यो केक न्हाई, फरशी हाय. तुमच्या नव्या इमारतीला लावा, कंत्राटदारापरीस बरी निघंल."

हसू दाबताना चार प्राध्यापकांना ठसका लागला. आबासाहेबही हसले. पण त्यांचं हसू ओठांवर राहिलं, डोळ्यांत गेलं नाही.

फरशी झाल्यावर मॅडमना पटलं की आपल्याला रसायन येतं, भट्टी येत नाही. माधवनगरला त्यांच्या घराजवळ दस्तगीरभाईंची बेकरी होती. उंच, वाळके, दाढीला कायम पीठ लागलेले. ते माणसापेक्षा पिठाशी जास्त बोलत. मॅडमनी पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चिमूट जिभेवर टाकली.

"कशातनं काढलंय म्हनालात?"

"कोंड्यातनं."

"मॅडम, आमच्या वडलांनी सारी जिंदगी मैद्यातनं कोंडा चाळून भाईर काढला. तुमी त्यो परत आत घालाय आलाय?"

"कोंडा न्हाई वो, त्यातला सत्त्वांश."

"गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"आतापातूर त्यास्नी वाळवंटातला दगुड खाऊ घातला, तवा काय सांगितलं हुतं?"

दस्तगीरभाईंनी पुडी उचलली आणि भट्टी उघडून दिली. त्यानंतर वर्षभर रविवारी दुपारी त्या दोघांचं भांडण ऐकायला माधवनगरची माणसं मुद्दाम पाव घ्यायला येत. सोडा जास्त की मीठ कमी, तूप आधी की साखर आधी. ते मॅडमना "जिद्दी औरत" म्हणत, मॅडम त्यांना "भट्टीवरचा भोपळा". एका रविवारी ट्रे बाहेर आला, दस्तगीरभाईंनी एक नानकटाई तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मॅडम म्हणाल्या, "काय झालं? मेलासा काय?"

"शिव्या कुटनं देऊ, मॅडम? जागाच न्हाई ठेवली तुमी."

त्या ट्रेमधली एक नानकटाई मीही खाल्ली. जिभेवर ठेवली तेव्हा होती, मग नव्हती.

ही गोष्ट आबासाहेबांच्या कानावर गेली आणि त्यांना एकाएकी शास्त्राचं प्रेम आलं. संस्थेच्या नावाने पावडर काढायची, पाकिटावर त्यांचा फोटो, उद्घाटनाला मोठे पाहुणे. मॅडमना फोटोशी देणंघेणं नव्हतं. त्यांना मोठी टाकी हवी होती. टाकी आबासाहेबांच्या भाच्याने करून दिली. आतून अशी चकचकीत की मॅडमनी तिच्यात बघून टिकली नीट केली. टाकीतला पहिला मोठा घाणा निघाला, त्यातली चिमूटभर पावडर त्यांनी पुण्याला तपासायला धाडली. निकाल यायच्या आधीच आबासाहेबांनी समारंभाची तारीख मागितली, आणि मॅडमनी ती दिली.

समारंभाच्या दिवशी मांडव भरला होता. दस्तगीरभाई पहिल्यांदाच कोट घालून आले होते आणि तो कोट त्यांच्या अंगात दुसऱ्याच माणसाचा असल्यासारखा बसला होता. सनई लागली. नव्या पावडरीच्या नानकटाया मांडवात वाटल्या, आणि व्यासपीठावर त्या चांदीच्या तबकात घालून मुख्य पाहुण्यांपुढे धरल्या. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. मी त्यांच्या मागच्याच खुर्चीवर होतो. त्यांनी "हां, हां" केलं, "कितपत?" असं विचारलं आणि फोन कापला. मग त्या उठल्या आणि सरळ व्यासपीठावर चढल्या.

पाहुण्यांची नानकटाई ओठांपर्यंत गेली होती. मॅडमनी ती हातातून काढून घेतली. पाहुणे हात तसाच वर धरून बसले, कुणीतरी परत ठेवील म्हणून.

मॅडमनी माईक घेतला. "कुनी खाऊ नका. ह्या घाण्यात शिसं सापडलंय. टाकीचे सांधे शिशाच्या डाखानं जोडल्यात, आम्लानं त्यो डाख चाटला आन् समदं पावडरीत आलं. टाकी चुकीची हाय, आन् मीबी चुकले. तपासणी यायच्या आधी तारीख द्याय नको हुती. जेवलं असंल त्यानं जेवून, न्हाई त्यानं तसंच घरला जावा. नानकटाई तेवढी हितंच ठिवा."

मांडवात एकच गलका झाला. कुणाच्या तरी लहान मुलीच्या तोंडात बोट घालून तिची आई नानकटाई काढत होती. सनईवाल्याला कुणी काही सांगितलं नाही म्हणून तो वाजवतच राहिला.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साक्षीला म्हणून प्राचार्यांनी मलाही उभं केलं होतं.

"थोरातबाई, हे चार भिंतींत सांगता आलं नसतं का?"

"चार भिंती बिस्किटं खात न्हाईत, आबासाहेब. माणसं खात्यात."

"आमच्या भाच्याचं नाव गेलं."

"जाऊ दे की. शिसं गेलं असतं प्वारांच्या पोटात, त्यापरीस बरं."

प्रयोग बंद झाला. लॅबच्या निम्म्या खोलीत संस्थेच्या जुन्या ढाली आणि करंडक आणून ठेवले. मॅडमना मेमो मिळाला. त्यांनी तो वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि परत पाठवला. "आमच्या गावात नागाचा सण असतोय पवार," मला म्हणाल्या. "आमाला नुसती फुसकारं वळखू येतात."

पण एक फटका त्यांना लागला, तो आबासाहेबांचा नव्हता. बातमी गावभर झाली ती उलटी होऊन: दस्तगीरच्या बेकरीत शिसं घालतात. वास्तविक समारंभाचा घाणा वेगळा, त्याच्या नानकटाया कॉलेजातच भाजलेल्या, बेकरीत त्या टाकीतला कणभरही माल गेला नव्हता. पण अफवेला कोण विचारतो? पाव पडून राहू लागले. एका संध्याकाळी दस्तगीरभाई मॅडमच्या दारात आले. मी तिथेच चहा घेत होतो. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"मॅडम, तुमी खरं बोललात. लय चांगलं केलंत. लेकरं वाचली. पन माझी भट्टी थंड झाली."

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. दस्तगीरभाई वळले आणि गेले. चहा निवला. मॅडम म्हणाल्या, "पवार, जा तू." मी गेलो.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर त्यांनी घरातली खुर्ची उचलली, बेकरीच्या पायरीशी टाकली आणि नानकटाई खात बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून. "या, बघून घ्या! शिसं शोधून काढलं ती थोरातीण मीच! मीच खातीया, मग तुमाला काय धाड भरलीया?" दस्तगीरभाई आतून म्हणत, "मॅडम, घरी जावा, तमाशा झालाय." त्या म्हणत, "तमाशाला गर्दी तरी हुती. तुमच्या दुकानाला हाय का?"

रोज संध्याकाळी खुर्ची. माणसं आधी हसायला आली, मग बघायला, मग एकेक पाव न्यायला. कॉलेजची मुलं आली. मॅडम त्यांचा तिथेच शिशावर तास घेत आणि शेवटी प्रत्येकाला खारीचा पुडा घ्यायला लावत. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं. मी बोललो तर म्हणाल्या, "गप रं. दुसऱ्याची भट्टी इझवल्यावर आपली साखर मोजत बसायची व्हय?"

आमच्याकडे दिवाळीच्या आधी बायका घरचा रवा, मैदा, तूप डब्यात घालून बेकरीत नेतात आणि नानकटाई भाजून आणतात. त्या वर्षी पहिल्या दिवशी दस्तगीरभाईंच्या दारात एकच बाई डबा घेऊन उभी होती. मॅडम. एकट्या माणसाच्या घरात कुणाला लागणार एवढी नानकटाई? पण डबा भला मोठा होता. दुपारपर्यंत त्यांच्या मागे शेजारीण येऊन उभी राहिली, मग तिची जाऊ. वसुबारसेला मी गेलो तर रांग रस्त्यावर आली होती. दस्तगीरभाई घामाघूम होऊन ओरडत होते आणि मॅडम रांगेत घुसणाऱ्या बायकांना दंडाला धरून मागे उभ्या करत होत्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात आबासाहेबांनी त्यांच्या संशोधनाचा गौरव केला. मॅडम जोरात शिंकल्या. निवृत्तीनंतर त्यांनी भावाच्या गिरणीमागे पत्र्याची शेड घातली, बिनडाखाची स्टीलची भांडी आणली, आणि परवान्यासाठी खेटे घालून घालून तो मिळवला. प्रत्येक घाणा तपासून आल्याशिवाय शेडबाहेर पडत नसे. कारखाना झाला नाही. दोन बेकऱ्यांना पुरेल एवढीच पावडर निघे, त्यातली एक दस्तगीरभाईंची. ते तिला 'शिराळी' म्हणत आणि दुसरी वापरत नसत. गाळून उरलेली राख भावाच्या भातखाचरात जाई. "हिशेब मिटला," मॅडम म्हणत. "भाताचं भाताला, माणसाचं माणसाला."

मग त्यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. जुन्या साखरेनं, असं डॉक्टर म्हणाले. मिरजेच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला नेत. मी गेलो त्या दिवशी दस्तगीरभाई पुठ्ठ्याचा डबा मांडीवर घेऊन बसलेले होते. मॅडम अर्ध्या झाल्या होत्या, पण आवाज पूर्ण होता. तेवढ्यात आहार सांगणारी तरुण मुलगी आली.

"आजी, आता फॉस्फरस बंद हं."

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"बंद?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे अगदी कमी. दूध, दाणे बेतानं. बेकरीचं काही नको. बेकिंग पावडरीत फॉस्फरस असतो."

"असतोय व्हय?"

"हो ना. तुमच्या किडन्या तो बाहेर टाकू शकत नाहीत, मग तो रक्तात साठतो आणि हाडं पोखरतो."

मॅडम पहिल्या बाकावरच्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या. "आन् कोंड्यातला चालतो का गं?"

मुलीने क्षणभर विचार केला. "कोंड्यातला अंगात फारसा शिरत नाही, आजी. पावडरीतला मात्र जवळजवळ सगळा शिरतो."

"बराबर सांगितलंस. कुठं शिकलीस? चांगली शिकलीस," मॅडम म्हणाल्या आणि दस्तगीरभाईंकडे वळल्या. "ऐकलंसा? समदा शिरतो. म्हंजे आपला माल लागू पडतो."

आणि हसू लागल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या खाटेवरच्या माणसानं पांघरुणातून डोकं काढलं. दस्तगीरभाई मात्र हसले नाहीत. ते डबा घेऊन उठले. "परत नेतो."

"कुटं नेताय? ठिवा हितं."

त्यांनी डबा उघडायला लावला. एक नानकटाई त्या मुलीला दिली, एक मला. "खा. सावकाश खा रं, गुरागत गिळू नगंस. मला बघू दे."

मी खाल्ली. त्या माझ्या जबड्याकडे बघत होत्या, पूर्वी साका बसताना भांड्याकडे बघत तशा.

"तूप जास्त झालंय का?"

"नाही मॅडम."

"जिभंला चुना लागतो का?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उशीला टेकल्या. मुलगी पुढच्या खाटेकडे गेली. दस्तगीरभाई डब्याला सुतळी बांधू लागले. माझ्या हातून चादरीवर थोडा चुरा सांडला होता, तो झटकायला मी वाकलो, तर मॅडमनी माझा हात बाजूला सारला. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या मुलीच्या पाठीकडे. मग बोट ओलं करून त्यांनी तो चुरा टिपला आणि पटकन तोंडात घातला.

ती आमची शेवटची भेट. डोळे मिटून त्या चव घेत होत्या, आणि दस्तगीरभाई सुतळीची गाठ मारायची सोडून त्यांच्याकडे बघत उभे होते, ट्रे बाहेर आल्यावर बघावं तसे.